व्याह्यांच्या परसातली पट्टी

जगात व्याही दोन प्रकारचे असतात: मानपानासाठी रुसणारे आणि आमचे. आमच्या व्याह्यांनी लग्नात माझ्याकडून साधं उपरणंसुद्धा घेतलं नाही, पण मला मान देण्यात मात्र ते आजतागायत चुकलेले नाहीत. कर्वेनगरातल्या त्यांच्या बैठ्या घराच्या परसात आंबा आणि नारळ यांच्यामध्ये गुडघाभर उंचीवर एक जाड कापडी पट्टी ताणलेली आहे. मुलगा, म्हणजे माझा जावई, आयटीतला. कंपनीच्या कामाला जर्मनीला गेला तेव्हा तिथून घेऊन आला. तिकडे म्हणे सुट्टीच्या दिवशी अख्खी कुटुंबं अशा पट्टीवर तोल सांभाळत चालतात आणि तिला स्लॅकलाइन म्हणतात. मी लेकीकडे गेलो की चहाच्या आधी व्याही हात जोडून म्हणतात, "या व्याही, आधी तुमचा मान!" आणि मला पट्टीवर चढवतात. त्या मानापायी मी ऐन दिवाळीत नव्या कपड्यांनिशी गवतावर पालथा पडलेलो आहे.

ज्या हडपसरला मुलगा आता संगणकासमोर बसतो, तिथंच व्याह्यांनी लेथ मशीनवर जन्म काढला. शंका हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. मोजे ते उभ्यानेच घालत. बँकेच्या रांगेत एका पायावर उभे राहत आणि पुढच्यालाही "करून बघा, बरं वाटतं" म्हणत. पट्टी आवळून झाली की तिला टिचकी मारून, कान लावून, "हं, आता बोलली" असं जाहीर करत. "पट्टी कधी हलत नाही, आपण हलतो," हे त्यांचं ठाम मत. शेजाऱ्यांनी एकदा भिंतीवरून विचारलं, "काय, सर्कस कधीपासून?" व्याही म्हणाले, "बघणाऱ्यांसाठी बंद आहे. पडणाऱ्यांनी यावं." शेजारी आले, पडले आणि आता सहकुटुंब येतात. गंमत म्हणजे सगळ्यांना शिकवणारा हा गुरू स्वतः मात्र रोज मधोमध गेला की धाडकन पडायचा. उठायचा, लेंगा झटकायचा आणि म्हणायचा, "छान पडलो!"

सगळे हसत. फक्त विहीणबाई हसत नसत. आदल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, डॉक्टरांनी "खुशाल चाला" म्हणून सांगितलं, पण भीती काही जाईना. कुणाच्या खांद्याशिवाय त्या पाऊल उचलेनात. मंडई सुटली, मैत्रिणी सुटल्या, एवढ्या बोलक्या बाई मागच्या दारातल्या खुर्चीत गप्प बसून राहू लागल्या. त्यांच्यादेखत हा गृहस्थ पडण्याचे प्रयोग करतो याचा, खरं सांगायचं तर, मला रागच येई.

एकदा मी न कळवता मागच्या फाटकाने शिरलो. खुर्ची रिकामी होती. व्याही हात पाठीशी बांधून, काहीतरी गुणगुणत, पट्टीवरून आंब्यापासून नारळापर्यंत गेले, वळले आणि तसेच परत आले. मला पाहताच खाली उतरले. "कुठे बोलू नका," ते हळूच म्हणाले. "ती पडायला भ्यायलीय हो. म्हणून रोज तिच्यासमोर पडतो नि उठतो. पडणं एवढंसंच असतं, हे कधीतरी पटेल तिला."

तेवढ्यात लेकीने विहीणबाईंना आणून खुर्चीत बसवलं. व्याही चढले, मधोमध जाऊन शिरस्त्याप्रमाणे पडले, पण या वेळी पाय खरंच मुरगळला. ते उठेनात. लेक धावणार, एवढ्यात खुर्ची करकरली. विहीणबाई उठल्या, भिंतीचा आधार सोडला, पायरी उतरल्या आणि गवतातून थेट त्यांच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, उठा आता! या वयात किती पडायचं माणसानं?" व्याह्यांनी डोळे उघडून त्यांच्या पावलांकडे पाहिलं. "छान पडलो," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. विहीणबाई पिशवी घेऊन एकट्या मंडईत जातात. व्याह्यांचे गुडघे मात्र गेले. मागच्या दारातल्या खुर्चीत आता ते बसतात आणि तिथूनच मला मान देतात. माझं पडून झालं की विहीणबाई नातीच्या खांद्यावर हात टेकून पट्टीवर एक पाय ठेवतात, खुर्चीकडे बघतात आणि "गेला बाई तोल!" म्हणत गवतावर उतरतात. तोल खरंच जातो का, हे मी कधी विचारलेलं नाही. व्याही तेवढ्यापुरते खुर्चीचे हात धरून उठून उभे राहतात.