आठ तासांचा उजेड

स्वयंपाकघरातल्या सगळ्यात खालच्या खणात चार दिवे पडून आहेत. चारही धडधाकट, एकही जळालेला नाही. प्रत्येकाचं खोकं मी दुकानात उलटसुलट करून वाचलं होतं, प्रत्येकाला मनातल्या मनात शेवटचा मानून घरी आणलं होतं. खण ओढला की ते एकमेकांवर घरंगळतात, आणि त्या मऊ आवाजानेही मी थकते.

माशांची टाकी आली ती नवऱ्याच्या निवृत्तीला. परळीच्या वीज केंद्रात त्यांनी उभी हयात बॉयलरवर पाळ्या केल्या. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी शाल-श्रीफळाबरोबर दोन फुटांची काचेची टाकी हातात दिली. "आता ह्या भट्टीवर नजर ठेवा," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी ते काम म्हणूनच घेतलं. तळाशी बारीक खडी पसरली, फितीसारख्या लांब पात्यांची रोपं लावली, लाकडाच्या तुकड्याला गर्द हिरवं नेचं बांधलं आणि उजव्या कोपऱ्यात लाल पानांचं एक नाजूक रोप रोवलं. त्या लाल रोपावर त्यांचा जीव होता.

भट्टीतली ज्योत उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. बॉयलरवरची माणसं झरोक्याशी निळी काच धरतात आणि ज्योतीच्या रंगावरून कोळसा कसा जळतो आहे ते सांगतात. मळकट, लालसर ज्योत म्हणजे आत काहीतरी बिनसलं; लख्ख ज्योत म्हणजे पाळी सुखाची. हीच पारख त्यांनी टाकीवरच्या दिव्याला लावली.

"पिवळा हाय हा. मरतुकडा उजेड."

"अहो, दिवा आहे तो. बॉयलर नाही."

"तुला काय कळतंय ज्योतीतलं? तू आपली कविता शिकव."

मी महाविद्यालयात कविताच शिकवते, म्हणून ज्योतीचं त्यांच्यावर सोपवलं आणि दुकान गाठलं. दुसरा दिवा पांढरा आणला, तिसरा त्याहून प्रखर, चौथा तर लग्नाच्या मांडवावर टांगतात तसला. हा चौथा त्यांचे डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत पेटलेला असे. त्यांच्या केंद्रात तरी दिवे कधी विझत होते? बैठकीच्या भिंती दुधासारख्या फटफटीत दिसू लागल्या. पाण्याला कोमट, गढूळ वास येऊ लागला, तळ्याच्या काठावर उन्हात वाळणाऱ्या शेवाळासारखा. पानांवर हिरवी लव चढली, मग काचेवर, मग खडीवर. पाती तपकिरी होऊन गळू लागली.

"उजेड कमी पडतोय," ते म्हणत. "अजून मोठा आण."

मी तासांवरून परतायची आणि दोन फडकी घ्यायची. एकाने वीज केंद्राच्या धुराड्यातून उडून खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली राख पुसायची, दुसऱ्याने टाकीची काच. एक करडं व्हायचं, दुसरं हिरवं. दोन्ही एकाच दोरीवर वाळत घालताना वाटे, या घरात माझ्या वाट्याला आलेले रंग एवढेच.

शेवटी पाचव्या दिव्यासाठी स्टेशनच्या रस्त्यावरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. गल्ल्यावर पिकल्या केसांच्या एक बाई बसतात. मी सगळं सांगितलं तशा त्या गालात हसल्या.

"कावून एवढा उजेड पाजायलात ताई त्यास्नी? पोटभर वाढायचं का नरड्यात कोंबायचं?"

"पानं मरताहेत म्हणून..."

"उजेडानंच मरायलीत. शेवाळ सगळं खायलंय, रोपं उपाशी." त्यांनी एक लहान खोकं पुढे सरकवलं. "वॅट बघू नका, हे बघा, साडेसहा हजार केल्विन लिव्हलंय. दिवसाच्या उजेडाचा रंग हाय हा. पर जोर कमी. सकाळी दहाला लावा, सांजच्याला सहाला बंद. झाडालाबी झोप लागती का न्हाई?"

खोकं घेऊन घरी आले तर बैठकीत यांचे जुन्या पाळीतले एक सोबती बसले होते. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा हे कोपऱ्याकडे बोट दाखवत होते.

"ते लाल बघ. कसलं तरारलंय!"

सोबत्यांनी पाहिलं. तिथे नुसती खडी होती. लाल रोप कुजलं म्हणून मी दोन दिवसांपूर्वीच उपटून तुळशीच्या कुंडीत टाकलं होतं. यांच्या लक्षात येईलच, म्हणून वेगळं सांगितलं नव्हतं. सोबत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापुढे कप धरला.

"व्हय की," सोबती हळूच म्हणाले. "लई भारी."

सोबती गेल्यावर मी यांच्या खुर्चीशेजारी बसले. "ते रोप मी परवाच काढलं."

यांनी हातातला कप बाजूला ठेवला.

"मधोमध धुकं हाय," हे म्हणाले. "कडेकडेनं दिसतं. उजेड वाढला की जरा बरं पडतं."

चार दिव्यांचा अर्थ असा मला एका वाक्यात कळला. पुढच्याच आठवड्यात लातूरला डॉक्टरांना दाखवलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखू या, असं डॉक्टर म्हणाले. 

पाचवा दिवा मात्र तसाच खोक्यात होता. जो उजेड रोपांना मारत होता तोच यांना थोडंफार जग दाखवत होता. यांतला योग्य दिवा कोणता, हे कुठल्याच खोक्यावर छापलेलं नव्हतं. मला राग आला. त्यांचा नाही, कदाचित माझाच. हिरवी झालेली काच मी रोज पुसत होते, आणि काचेपलीकडून बघणाऱ्या डोळ्यांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

निर्णय त्यांनीच घेतला. "काढ तो मोठा. पाणीच मेलं तर बघायचं काय?"

मी चौथा दिवा उतरवला, पाचवा लावला. टाकीच्या मागच्या काचेवर काळा कागद चिकटवला. मासे त्यावर जरा उठून दिसतात. नारिंगी मासा कडेने गेला की ते मान तिरकी करतात आणि "निखारा गेला" म्हणतात. मधोमध आला की काही म्हणत नाहीत.

दुकानातल्या बाईंनी लाल रोपाची नवी काडी दिली आहे. या मंद उजेडात ती पहिल्याइतकी लाल होणार नाही, हेही बजावून.

पाळी बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला यंत्राची हालहवाल सांगतो आणि मगच घरी जातो. त्याला ते चार्ज देणं म्हणतात. आता सकाळी दहाला मी दिवा लावते आणि कॉलेजला निघण्यापूर्वी टाकीसमोर उभी राहून चार्ज देते.

"पाणी नितळ. मासे सहाच्या सहा. नेच्याला एक पान फुटलंय. डावीकडच्या काचेवर शेवाळ, थोडं."

"लाल?"

सोबत्यांसारखं बोलणं सोपं असतं. जिभेवर तेच येतं.

"जगलंय. दोन पानं आलीत. पण हिरवीच आहेत."

ते कोपऱ्याच्या जरा बाजूला बघत राहतात, तिथून त्यांना कोपरा दिसतो म्हणून.

"बरं," ते म्हणतात. "चार्ज घेतला."

मी पर्स उचलते आणि चपला शोधते.