दैवशालाचा सोमवार

माझी मावशी सगुणाबाई हिच्या हातची साबुदाण्याची खिचडी ज्याने खाल्ली नाही, त्याने हसनाबादेत येऊन काहीच खाल्लं नाही, असं आमच्या नात्यात म्हणतात. भिजवणं नेमकं, कूट जाडसर, तूप सढळ, आणि दाण्याला दाणा चिकटायचा नाही. पण खिचडीचं कौतुक केलं की मावशी चिडायची. उपासाच्या पदार्थाला चव विचारू नये, म्हणायची.

मी जालन्यात राहते, आणि मला उपासांचा राग आहे हे घरादाराला माहीत आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी असली माणसं पाहून तो आलेला. मावशीला मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. दिवसभरात एकदा वाटीभर खिचडी खाल्ली की तिचं जेवण संपलं. आणि तिच्या प्रत्येक उपासाला एक माणूस असायचं. शनिवार हरिओमचा, म्हणजे तिच्या मुलाचा. लहानपणी तो विहिरीत पडला होता आणि जिवंत निघाला होता. चतुर्थी नवऱ्याची, रखमाजीकाकांची. सोमवार दैवशालाचा.

दैवशाला तिची थोरली मुलगी, माझ्याच वयाची. तिला धावडा गावी दिलं होतं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा मायलेकींनी मिळून सोमवार धरले, लेकीने तिकडे, मायने इकडे. सुखरूप सुटका होऊ दे, मग उद्यापन करू, असा नवस होता. दैवशाला बाळंतपणात गेली. रक्त थांबलं नाही, एवढंच आम्हाला कळलं. बाळही गेलं. आता नवस पुरा झाल्याशिवाय उद्यापन होत नाही. जो नवस कधीच पुरा होणार नाही तो कसा संपवायचा, हे मावशीला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही कोणाला विचारलं नाही. सोमवार तसाच चालू राहिला. हे मला समजायचं आणि समजून चीडही यायची.

मग हरिओमचं लग्न झालं आणि तृप्ती घरात आली. मावशीने सुनेला उपास कर असं कधी म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगते. पण सासू उपाशी असताना नव्या सुनेने भाकरी थापून एकटीने कशी खावी? तृप्तीही खिचडी खाऊ लागली. पहिल्या खेपेला तिचा गर्भ टिकला नाही, तेव्हापासून तर सासूचा एकही उपास तिने सोडला नाही. मावशी तिच्या वाटीत तूप जास्त घालायची. लेकराला लागतंय, म्हणायची.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तपासणीसाठी दोघी माझ्याकडे जालन्याला आल्या. तृप्तीचा चेहरा फिकुटला होता. ओठसुद्धा पांढरे पडले होते. डॉक्टर सुहासिनीबाईंनी रक्त तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काय काय खाता?"

तृप्तीने खरं ते सांगितलं. मावशी मध्येच म्हणाली, "उपाशी न्हाई ठेवत वो बाई तिला. आठवड्यातून दोन-तीन येळा खिचडी हाये, तूप हाये."

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. "मावशी, साबुदाणा एका कंदापासून करतात. कंद किसायचा, धुवायचा, आणि खाली जो पांढरा साका बसतो त्याचे दाणे करायचे. तो साका म्हणजे नुसता स्टार्च. पोट भरतं, तरतरी येते, पण रक्त तयार व्हायला जे लागतं ते त्यात जवळपास नाहीच. तुमच्या खिचडीत जे काही आहे ते शेंगदाण्याच्या कुटात आहे."

"मंग काय द्यावं?"

"राजगिरा, तांदुळजा, शेवग्याचा पाला, जे परसात असेल ते. पालेभाजीत लोह आहे, कॅल्शियम आहे, गर्भाला लागणारी जीवनसत्त्वं आहेत. सोबत डाळ आणि भाकरी. वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको. आणि भाजी खाल्ली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. इतकं कमी रक्त नुसत्या भाजीने भरून निघत नाही."

मावशी मान हलवत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, रक्त कमी असलं तर बाळंतपणात काय व्हतं?"

"रक्त तर सगळ्याच बायकांचं जातं. ज्यांच्या अंगात आधीच कमी असतं, त्यांना ते सोसत नाही."

डॉक्टरबाईंना दैवशाला माहीत नव्हती. त्यांचं तोंड धरावंसं वाटलं मला. मावशीने पदर नीट केला आणि उठली.

निघताना मावशी तृप्तीच्या गोळ्यांची पिशवी माझ्याकडेच विसरून चालली होती. तिची ती गत पाहून मीही हसनाबादला सोबत गेले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी म्हणाले, "मावशी, ती काय साबुदाण्याने गेली नाही. गावोगाव बायका जायच्या तेव्हा."

"मला ठाऊक हाये. पण पोटुशी पोरगी माझ्यासंगं सोमवार धरून राह्यली व्हती, अन् म्या तिला न्हाई म्हणलं न्हाई."

"मग आता तरी सोड."

"म्या सोडला तर तिचं या घरात काय राह्यलं गं?"

शेजारच्या द्वारकाबाई ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, राजगिऱ्याचा पाला उपासाला चालतो की! तोच कर. उपासबी राहील अन् पोरीला भाजीबी भेटंल."

मावशी म्हणाली, "पाला चालंल वो. पण भाकर कुठं चालती? डाळ कुठं चालती? तिला सगळंच लागतंय."

सोमवारी सकाळी मावशीने परसातला राजगिरा खुडला, तुरीची डाळ घालून भाजी केली, ज्वारीच्या भाकरी थापल्या. देवासमोर पाट मांडला. तृप्तीला बसवून हळदकुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली. द्वारकाबाई दारातून म्हणाल्या, "उद्यापन करून राह्यली का काय? अन् पुरण कुठाय?"

"हिला जे लागतंय ते वाढलंय," मावशी म्हणाली.

तृप्ती घाबरली होती. "आत्याबाई, कशाचं उद्यापन?"

"दैवशालाच्या सोमवारचं."

"पण नवस तर..."

"न्हाई झाला पुरा. तरी बी करून राह्यले. देवाला काय म्हणायचं ते मला म्हणू दे. जेव."

तृप्तीने ताटाला हात लावला नाही. "तुम्ही उपाशी अन् म्या कशी जेवू?"

मावशी तिच्यासमोर बसली. तिने त्याच ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावली आणि तोंडात घातली. घास काही केल्या गिळला जाईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती. इतक्या वर्षांत सोमवारी तिने भाकरीचा घास घेतलेला मी पाहिला नव्हता. माझा सगळा राग त्या सकाळी कुठे गेला कोण जाणे. घास उतरल्यावर ती म्हणाली, "आता जेव."

तृप्ती जेवली.

पुढचे महिने गोळ्या, भाजी, डाळ, लिंबू यांत गेले. दोघींचा शनिवार सुटला, चतुर्थी सुटली. तृप्तीचं रक्त हळूहळू चढलं. बाळंतपणाला तिला जालन्यालाच आणलं. सिस्टर बाहेर आली आणि हसत म्हणाली, "आजी, नातू झाला."

हरिओमने तिथेच हात जोडले. मावशी जागची हलली नाही. "अन् तृप्ती?" तिने विचारलं.

"बरी आहे. बोलतेय. भूक लागली म्हणतेय."

मावशी खाली फरशीवरच बसली आणि तोंडाला पदर लावून दैवशालाचं नाव घेऊन रडू लागली. दैवशालाला अग्नी दिला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मग डोळे पुसून मला म्हणाली, "चल बाई, भाकरी टाकायच्यात."