हनीफभाईंचं नाक

गिअरबॉक्सचं तेल बदलताना जुनं तेल फार वेळ धारेने येत नाही. शेवटी शेवटी तर थेंब थेंब निथळतं, आणि तेवढा वेळ बाकड्यावर बसलेला माणूस गप्प राहू शकत नाही. धुळ्यात साक्री रोडवरच्या हनीफभाईंच्या गॅरेजमध्ये माझ्याकडे एवढे किस्से जमले, ते या थेंबांमुळेच!

मी निवृत्त गणिताचा मास्तर. अपघातानंतर डाव्या पायात जोर राहिला नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ती चालते तोवर मी हिंडतो, नाहीतर खिडकीत बसायचं. त्यामुळे हनीफभाई माझ्यासाठी डॉक्टरांइतकेच महत्त्वाचे.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी गिअर बदलताना धक्के देत होती. हनीफभाईंनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर काढली. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकला आणि कागद माझ्याच नाकाशी धरला.

"घ्या वास, सर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं नाही. काय आठवतं ते सांगायचं."

मी चिडूनच हुंगलं. म्हटलं, "करपलेली भाकरी."

"सगळी करपलेली, की नुसती काठाला?"

"काठाला."

"मग बदलू. पण अर्धं आज, अर्धं महिन्याने. जुन्या गाडीला एकदम सगळं नवं सोसत नाही."

धक्के थांबले. गिऱ्हाइकाला स्वतः वास घ्यायला लावणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. केवढा हा प्रामाणिकपणा! स्वतःचं एवढं तयार नाक असून गिऱ्हाइकाला विचारतात, असं मी चार ठिकाणी कौतुक केलं.

*

पिंपळनेरचे एक आबा मुलाने वापरून दिलेली ऑटोमॅटिक घेऊन आले. सोबत ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा.

"हाईच टाक, हनीफभाऊ! तेल ते तेल, बठ्ठं सारखंच शे."

"मंग आबा, भाजीले घासलेटनी फोडणी देतस का तुम्ही?"

आबांनी डबा परत डिकीत ठेवला. पुढच्या वेळी त्यांची सून सांगत होती, आबा हल्ली जेवायला बसण्याआधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघतात!

*

जळगावचे एक नाना आले, ते मोबाईलवर मुलाला घेऊनच. मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याने व्हिडिओ कॉलवर तेलाचा थेंब पाहिला आणि निकाल दिला, "लाल आहे अजून. बदलायची काही गरज नाही!"

हनीफभाई शांतपणे म्हणाले, "नाना, त्याला म्हणावं रंग पाहिलास, आता वासही घे. मी कागद मोबाईलला लावून धरतो."

पोराने फोन ठेवला. नानांनी वास घेतला.

*

साक्रीच्या अक्का निवृत्त नर्स. त्यांनी कागद हुंगला आणि लगेच दूर केला.

"ऑपरेशनच्या वेळी मांस जाळतात ना, तसा."

हनीफभाईंनी डिपस्टिक पुसून परत जागेवर बसवली. "मग नाही बदलणार, अक्का. आतल्या प्लेटा झिजल्यात. त्यांची भुकटी या तेलात आहे, तिच्यावरच त्या पकड धरून आहेत. नवीन तेल टाकलं तर गाडी इथून बाहेरही पडणार नाही. चालते तोवर चालवा."

अक्कांनी कागदाची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "आम्ही पण नातेवाइकांना असंच सांगायचो. अशाच आवाजात."

गाडी आणखी वर्षभर चालली. बंद पडली तेव्हा अक्कांनी फोन केला, "गेली हो. पण रस्त्यात त्रास दिला नाही, दारातच गेली."

हनीफभाई त्या दिवशी चहा प्यायले नाहीत.

*

आणि आता परवाचं. भरदुपारी गॅरेजच्या दारात पाय ठेवला तर दूध करपल्याचा भपकारा! स्टोव्ह हनीफभाईंच्या पाठीशी, हातभर अंतरावर. हे आपले निवांत बोल्ट आवळतायत.

"अहो, दूध!" मी ओरडलो.

त्यांनी वळून पाहिलं, धूर दिसल्यावर धडपडत स्टोव्ह बंद केला, आणि माझ्या तोंडाकडे बघत खाली बसले.

"वास येत नाही तुम्हाला?"

"ताप आला होता ना मोठा, तेव्हा गेला. परत आला नाही. घरी बायकोला माहीत आहे. आता तुम्हाला."

"कधीची गोष्ट?"

"तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच्या आधीची."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. माझं सगळं हिंडणंफिरणं ज्या नाकाच्या भरवशावर, ते नाकच नव्हतं!

"म्हणजे माझं तेल तुम्ही..."

"तुम्हीच तर वास घेतलात, सर. अंदाजाने मी एकही गाडी उघडली नाही. लोकांना विचारूनच उघडली." मग हळू आवाजात म्हणाले, "हे बाहेर कळलं, तर इथे कोण येईल?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात एक गाडी येऊन उभी राहिली. मुक्ताईनगरचे गृहस्थ, नाकाला रुमाल. हनीफभाईंनी सवयीने पट्टी काढली, थेंब टाकला, कागद पुढे केला.

"मला कसला येतोय वास, सर्दीने बेजार आहे! तुम्हीच घ्या ना. तुमच्या नाकाचं नाव ऐकून तर एवढ्या लांबून आलो."

हनीफभाईंचा हात तिथेच राहिला.

मी काठी टेकत पुढे झालो.

"आणा इकडे. इथे पाहुण्यांच्या तेलाचा वास मी घेतो."

गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी वाकलो, वास घेतला.

"भाकरी," मी म्हणालो.

"सगळी करपलेली," हनीफभाईंनी विचारलं, "की नुसती काठाला?"

या वेळी मी घाई केली नाही. कागद जवळ घेतला, डोळे मिटले आणि पुन्हा एकदा वास घेतला.