मोगरा खाजवला त्याची गोष्ट

साहेब कॅन्टीनसमोर उभे राहून म्हणाले, "बाबा, हा मोगरा काढून टाका. इथं पेवर ब्लॉक बसवू."

मोगरा पिवळा पडला होता, साहेबांचं खोटं नव्हतं. पण तो माझ्या बायकोनं लावलेला. बोईसरच्या या कंपनीत ती झाडूकाम करायची, मी माळी. गेल्या पावसात ती गेली. तेव्हापासून त्या वाफ्यात मला बसवेना. पाणी तेवढं लांबून पाइपानं मारायचो.

मी म्हटलं, महिनाभर द्या, नाय सुधारला तर मीच उपटतो. साहेब म्हणाले, "महिनाच हां."

दुखणं मला ठाऊक होतं. वरून नुसतं पाणी पडत राहिलं की माती पापुद्रा धरते. मग पाणी मुळाला जात नाही, वरच्यावर वाहून जातं. तो पापुद्रा फोडायचा. खणायचं नाही, मूळ तुटतं. कोंबडीसारखं उकरायचंही नाही. खुरप्याच्या टोकानं वरवर माती मोकळी करायची. बायको याला खाजवणं म्हणायची. आमच्या घरात तोच शब्द.

सुपरवायझरनं मदतीला रामदीनला दिलं. बिहारचा, लोडिंगवाला, राहायला सालवडला. माझ्याहून थोडाच लहान. मराठी कामापुरतं. मी मोगऱ्याकडं तोंड करून उभा होतो. मागच्या मागं खुरपं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "जरा खाजव."

त्यानं खुरपं खाली ठेवलं आणि माझी पाठ खाजवली.

नीट खाजवली. दोन खांद्यांच्या मधे, जिथं आपला हात पोचत नाही तिथं. कॅन्टीनचा आचारी ओरडला, "रामदीन, माझा नंबर कधी?" सगळे हसले. ती जागा बायकोची. इतके महिने तिथं कुणाचा हात लागला नव्हता.

"और इधर?" रामदीननं विचारलं.

"बस झाला. पाठ नाय रे, माती खाजव."

"मिट्टी को भी खुजली होती है, चाचा?"

"होते. सांगत नाय ती."

मग दुसरं खुरपं घेऊन मीच खाली बसलो. पापुद्रा फुटला, खाली माती कोरडी ठाक. पाणी घातलं तसं भसाभस आत गेलं. पिवळ्या फांद्या छाटल्या, शेणखत दिलं.

वाफ्यातलं कडेचं एक झाड गेलंच. बाकीच्यांना पालवी आली, मग कळ्या. साहेबांनी वाकून वास घेतला आणि ब्लॉक पार्किंगकडे पाठवले.

नवीन माणसाला काम सांगताना काय खाजवायचं ते आधी सांगावं. रामदीनला मी मात्र अजून नुसतं 'खाजव' म्हणतो.