हळद लागलेला मिसिंग इसम

ती केस डोक्यातून जायला तयार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तिला जाऊ देत नाही. खून-दरोड्यांच्या कितीतरी फायली विसरलो. पण उल्हासनगरच्या बाजारात एका नवरदेवाबरोबर पायी भटकलेला तो दिवस आठवला की या वयातही अंगात उत्साह येतो.

सकाळची हजेरी चालू होती. फर्निचरच्या गल्लीतल्या चहावाल्याचा फोन आला. हा आमचा जुना खबऱ्या. त्याची खबर सहसा खोटी नसे, मीठमसाला मात्र भरपूर.

"साहेब, एक पोरगा चाकू घेऊन फिरतोय. कपडे पिवळे, बायकांच्या तोंडाकडे टक लावून बघतोय. लफडा होनेवाला है, जल्दी आओ."

चाकू म्हटल्यावर विचार करत बसायचं नसतं. दोन हवालदार घेऊन धावलो. दुकानदारांनी आरशाची कपाटं पार रस्त्यापर्यंत मांडली होती, आणि त्यातल्याच एका आरशात तो मला आधी दिसला. मागून जाऊन मनगट धरलं. त्याने अजिबात झटापट केली नाही. हातातला रुमाल सोडवला, तर आत छोटी सुरी आणि तिच्या टोकाला टोचलेलं लिंबू. मान, कान, नखं, सगळं पिवळंधमक. हळद लागलेल्या नवरदेवाला दृष्ट लागू नये म्हणून हातात सुरी देतात, हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. माझे हवालदार हसू दाबता दाबता लाल झाले.

पोलीस ठाण्यात आणतोय तोच बदलापूरकडून वायरलेसवर निरोप आला. कुळगावचा तरुण, काल रात्री हळद झाली, पहाटेपासून घरातून बेपत्ता, आज गोरज मुहूर्तावर लग्न. म्हणजे हाच. वडिलांना फोन लावला. ते पोराला शोधत कर्जतच्या बाजूला गेले होते. "त्याला सोडू नका, मी येतोच," एवढंच बोलले.

मग चौकशी. लग्नातून पळालेले नवरदेव मी आधीही पाहिले होते. कारण बहुधा दुसरी पोरगीच असते. पण हा तोंडच उघडेना. मी नाश्त्याला दाल-पकवान मागवलं. उपाशी माणूस खोटं बोलतो. पोट भरलं की खरं बोलतो, नाहीतर झोपतो, हा माझा अनुभव.

"बोल, कुठल्या पोरीसाठी पळालास?"

"बहिनीसाठी," तो म्हणाला आणि घळाघळा रडायला लागला.

थोरल्या बहिणीने चार वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका सिंधी मुलाशी लग्न केलं होतं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायची चोरी. तिचा नंबरही बदललेला. ती तिथल्या कॅम्प चार या वस्तीत राहते, एवढंच याच्या कानावर आलेलं.

"करवली म्हनून चुलत बहिनीला उभी करतायत, साहेब. माझ्या पाठीशी पान्याचा करा घेऊन ताईच पायजे. ती नाय आली तर मी पन बोहल्यावर चढनार नाय."

कॅम्प चार म्हणजे काही कुणाचं अंगण नव्हे. पण वडील येईपर्यंत वेळ होता, आणि माझ्यातला पोलीस आता पुरता चेकाळला होता. साधा शर्ट चढवला आणि त्याला घेऊन पायी निघालो.

त्या दिवशी मी माझीच हद्द नव्याने पाहिली. जीन्स शिवणाऱ्या खोल्या, कापडाच्या गाठी, पापडांचे ढीग, निर्वासितांच्या जुन्या बराकींना फुटलेले नवे मजले. ज्याला त्याला मोबाइलवरचा बहिणीचा फोटो दाखवला. "साईं, ऐसी तो बहुत आती हैं," हेच उत्तर. नवरदेवाच्या पायाला फोड आले, पण तो पुढे आणि मी मागे.

दुपारी एका खानावळीत बसलो. याने फुलक्याला हात लावला नाही. "घरी तांदळाचीच भाकर लागते," म्हणाला. "ताईला तर तिच्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत नाय."

मी ताटावरून उठलो. माणूस नाव बदलेल, नंबर बदलेल, जिभेचं काय करणार? या गव्हाच्या मुलखात तांदूळ दळून नेणारी बाई लपून राहणार नव्हती. मोबाइल खिशात टाकला आणि गिरण्या धरल्या. पहिल्या दोन ठिकाणी नकार. तिसऱ्या गिरणीचा शेठ भुवयांपर्यंत पांढरा झालेला.

"चावल? एक ही मराठी बहू लाती है, साब. उसके लिए चक्की साफ करनी पडती है. वो देखो, डब्बा पडा है. अभी आएगी."

तो 'अभी' संपता संपेना. बाकावर नवरदेव, शेजारी मी, आणि ऊन भराभर उतरत होतं. शेवटी ती आली. माझी खाकी पँट आणि शेजारी भाऊ पाहून जागीच थबकली.

"काय केलंस रे?" मग हळद दिसली आणि आवाज चढला. "हळद लागल्यावर शीव ओलांडतात का, येड्या?"

त्याने सगळं सांगितलं. तिने विचारलं, "बाबांनी बोलावलंय?"

"नाय. मी बोलावतोय."

"मग ठाण्यापर्यंत येते. तुला सोडवते आन् जाते."

ठाण्यात वडील येऊन बसले होते. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं नाही. चाकूच्या खबरीवर आणलेला, त्यात मिसिंगची नोंद असलेला. त्याला जवळच्या नातेवाइकाची सही घेऊनच सोडायचं होतं. मी ताबा पावती वडिलांपुढे ठेवली. पेन त्यांनी हातात घेतलं, सही मात्र केली नाही.

"साहेब, माझ्याबरोबर तो येनार नाय. हिच्या ताब्यात द्या."

पेन मुलीकडे सरकलं. तिने नात्यापुढे 'बहीण' लिहिलं आणि नावाच्या रकान्याशी अडली. माहेरचं लिहू की सासरचं, हे तिने विचारलं नाही. पण आम्हा सगळ्यांना ते ऐकू आल्यासारखं झालं.

"जे आहे ते लिही," वडील म्हणाले. "लवकर लिही, मुहूर्त टळेल."

तिने नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव लिहिलं. मी उगाच हवालदारावर ओरडलो आणि जीप काढायला लावली. लग्न वेळेवर लागलं.

डायरीत मी लिहिलं, मिसिंग इसम मिळून आला. खरी हरवलेली मात्र चार वर्षं दहा-बारा किलोमीटरवर राहत होती, आणि तिची तक्रार कुणी दिलीच नव्हती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मिसिंगची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न जास्तीचा विचारत असे: घरातलं आणखी कुणी आहे का, ज्याची तक्रार तुम्ही दिली नाही? बहुतेक जण चिडायचे. काही जण मात्र उठता उठता पुन्हा खाली बसायचे.