कानावरची पेन्सिल

पेन्सिल कानावर गेल्याशिवाय आमचे तारमास्तर कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. रत्नागिरीच्या तारघराच्या खिडकीशी उभं राहणाऱ्यांना हा शिष्टपणा वाटे. मलाही वाटला. ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. मी नोकरीत नवी होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजत होते.

एका दुपारी रांग दारापर्यंत गेली होती. जयगडकडच्या एका बाईने मुंबईतल्या नवऱ्यासाठी तार पुढे केली. ‘आई बरी. घाईने येऊ नये.’ मी शब्द मोजले, तिच्याकडे बघितलंसुद्धा, आणि पुढच्याला हाक मारली. एवढ्यात मास्तर मागून उठून आले. पेन्सिल कानावर ठेवून त्यांनी तिला विचारलं, “बाय, आई खरंच बरी आहे?”

बाईचा बांधच फुटला. “कसली बरी, मास्तरांनू! चार दिस पेजेला तोंड लावलेला नाय. तीच बोलली, पोराला कलवू नको, त्याची नोकरी जायल.”

“यायचं की नाही ते पोराला ठरवू दे,” मास्तर म्हणाले आणि कोरा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. खरी तार गेली. तिसऱ्या दिवशी मुलगा आला, त्याने आईला दवाखान्यात घातलं, आणि महिन्याभराने म्हातारी स्वतःच सुक्या बांगड्यांची पुडी घेऊन मास्तरांना भेटायला आली.

मला मात्र त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “मी बघितलं होतं हो तिच्याकडे,” मी रडवेली होऊन म्हणाले.

“बघितलंस गो, पण दिसलं नाही. डोक्यात मोजणी चालू असली की रडका चेहरा नि हसरा चेहरा सारखाच. माझंही तेच होतं. म्हणून आधी शब्द, मग पेन्सिल कानावर, मग माणूस.”

त्यांची बायको सांगायची, घरी ती रागावली तरी ते आधी कान चाचपून बघतात.

ते निवृत्त झाले त्या दिवशीही खिडकीवर गर्दी होती. एक फॉर्म आत आला. मी शब्द मोजता मोजता मान वर केली, परत खाली घातली. मोजून झाल्यावर सवयीने पेन्सिल कानावर ठेवली आणि पुन्हा बघितलं. फॉर्म देणारे मास्तरच खिडकीबाहेर उभे होते. डोळे भरलेले.

“दिसलो?” त्यांनी विचारलं.

“दिसलात,” मी म्हणाले, आणि मग मलाच काही दिसेना.