वाटाड्याचे डोळे

मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा मी तिची खोली आवरायला घेतली. सामानाचे तीन ढीग केले: तिला पाठवायचं, घरात ठेवायचं, रद्दी. रद्दीच्या ढिगात एका अद्भुत कादंबरीमालिकेचे सहा जाडजूड खंड होते, मराठी अनुवादातले. टाकण्याआधी विचारावं म्हणून फोन केला तर म्हणाली, "आई, पहिला वाच. मग टाकायचे तर टाक."

पहिला वाचला आणि सहाही घरात राहिले.

गोष्ट अशी की एका देशाचा समुद्र कुणी जादूगार चोरून नेतो. उरतो नुसता कोरडा तळ, मैलोनमैल. तो ओलांडून समुद्र परत आणायला चौघं निघतात: एक राजकन्या, एक पळून आलेला शिपाई, एक स्वयंपाकीण आणि ताऱ्यांवरून वाट सांगणारा एक म्हातारा वाटाड्या. मी थळची. आमचं घर समुद्रावर चालतं. सासरे तांडेल, म्हणजे बोटीचं सुकाणू त्यांच्याकडे, नवरा त्यांच्या हाताखाली बोटीवर, आणि मी सुकी मासळी माणगावच्या बाजारापर्यंत पोचवते. समुद्रच चोरीला गेला ही कल्पना मला राक्षसांपेक्षा जास्त भीतिदायक वाटली.

वाचताना मी कामाच्या गोष्टींवर पेन्सिलीने खूण करते. पहिल्या खंडात निघण्याआधी स्वयंपाकीण सगळ्यांच्या पिशव्या उलट्या करायला लावते, राजकन्येचा आरसा बाहेर काढते आणि त्या जागी मिठाची पुडी घालते. खूण. दुसऱ्या खंडात रस्ता विचारायचा झाला तर स्वयंपाकीण नेहमी समोरून येणाऱ्याला विचारते, कारण बरोबर चालणाऱ्यालाही पुढचं माहीत नसतं. खूण. माणगावला माल पाठवताना हे मी आजही करते: तिकडून आलेल्या टेम्पोवाल्याला आधी विचारते की बाजार कसा आहे. त्या जगात जादू फुकट मिळत नाही. मंत्राने जाळ पेटवला तर पेटवणाऱ्याचे हात तेवढे गार पडतात. हेही मला पटलं. कुणी काही सोपं करून देतो म्हणाला की बदल्यात काय जाणार हे आधी विचारून घ्यावं.

मुलीला हे सांगितलं तर ती हसली. "लोक यात प्रेमकथा शोधतात, तू पॅकिंग शोधतेस."

असो. खरा उपयोग पुढे झाला, आणि तो माझ्या खुणांप्रमाणे झाला नाही.

गेल्या वर्षी मेअखेरीला बाबा, म्हणजे माझे सासरे, बोट परत आणत होते. भरदिवसा त्यांनी धक्क्याजवळ नांगरलेल्या दुसऱ्या बोटीला डाव्या बाजूने घासलं. फळी फुटली नाही, रंग गेला. बाबा म्हणाले, त्या बोटीने नांगर भलत्याच जागी टाकला होता. खलाशी काही बोलले नाहीत. ते काही बोलले नाहीत म्हणून मी रेवसच्या लाँचने त्यांना मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

काचबिंदू निघाला. समोरचं दिसत होतं, कडेचं गेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग विचारलं, "गाडी चालवता का?"

"न्हाय," बाबा म्हणाले. ते खरंच होतं.

"बोट चालवतात," मी म्हटलं.

"बोट तर अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या लाँचमध्ये बाबा सुकाणूवाल्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रेवस येईपर्यंत तिथून हलले नाहीत.

थळच्या समोर खांदेरी-उंदेरी. बेटांच्या आजूबाजूला खडक आहेत, भरतीला ते पाण्याखाली जातात. बाबा कारखान्याच्या धुराड्याची आणि किनाऱ्यावरच्या एका देवळाच्या कळसाची खूण जुळवून बोट आत आणतात. पण धुराडं समोर असतं आणि देऊळ कडेला. एका नजरेत त्यांना आता नुसतं धुराडं दिसत होतं. बोटीवर ते, माझा नवरा आणि चार खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोट किनाऱ्यावर चढवलेली. म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ होता. त्यानंतर सुकाणू कुणाच्या हातात असणार, एवढाच प्रश्न होता.

बाहेरच्यांना वाटेल, मुलाने म्हणावं, बाबा, आता मी धरतो. आमच्या घरात सुकाणू मागायचं नसतं. तांडेल आपणहून देतो. बाप जिवंत असताना मुलाने मागितलं तर ते त्याचं मरण मागितल्यासारखं धरतात. माझा नवरा पन्नाशीचा आहे. बाबा जेवायला बसले की तेवढ्यापुरतं त्याने सुकाणू धरलेलं आहे.

"तुम्ही बोला ना," मी त्याला म्हटलं.

"मी बोलणार न्हाय."

"मग मी बोलते."

"तू तर अजिबातच न्हाय."

बाबांच्या थेंबांच्या वेळा मी कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवल्या होत्या. दुपारचा थेंब घातला की त्यांनी थोडा वेळ डोळे मिटून बसायचं. मी त्या वेळी ओटीवर माझा खंड घेऊन बसायची. एक दिवस ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "काय वाचतेस गो? मोठ्यानं वाच. मना काय काम हाय?"

अशी सुरुवात झाली. मी पहिल्या खंडापासून पुन्हा वाचायला लागले. थेंबांनंतर ते फाटकं जाळं मांडीवर घ्यायचे. त्या कामाला त्यांना नजर लागत नाही, बोटं बरोबर फाटलेल्या जागी जातात. आणि ऐकता ऐकता टीका चालायची.

"दरिया आटला तर कालवं मेली असतील. वास न्हाय आला यांना?"

"लिहिलेलं नाही, बाबा."

"मग त्यानं दरिया बगलाच न्हाय."

राजकन्या त्यांना आवडत नसे. शिपाई बरा. स्वयंपाकिणीवर मात्र ते खूश होते. "या बाईला मी बोटीवर घेईन."

"बाईला बोटीवर घ्याल?"

"पुस्तकातली हाय म्हणून. उद्या तू येशील मागे."

वाटाड्याबद्दल ते काही बोलत नसत. तो आला की फक्त जाळ्यावरचे हात थांबायचे.

चौथ्या खंडात काय आहे हे मला ठाऊक होतं. वाटाड्याला तारे दिसेनासे झालेले असतात आणि तो ते लपवतो. जुन्या आठवणीवर टोळीला पुढे नेत राहतो. शेवटी सगळी एका चिखलाच्या दरीत उतरतात, शिपाई कमरेपर्यंत रुततो, आणि तेव्हा कुठे खरं बाहेर येतं. मी ठरवलं, बोलायला बंदी आहे, वाचायला नाही. नारळी पौर्णिमेच्या आधी चौथा खंड संपला पाहिजे. रोज किती पानं वाचायची याचा हिशेब केला आणि राजकन्येची दोन लांबलचक स्वप्नं गाळली.

ते प्रकरण आलं तेव्हा मी मुद्दाम सावकाश वाचलं. चिखलाच्या दरीशी पोचले आणि बाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

"थांब."

मी थांबले.

"ही गोष्ट मना का वाचून दाखवतेस ते मना कळतं. मी डोळ्यानं आंधळा झालो असंन, डोक्यानं न्हाय."

ते उठून किनाऱ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी थेंब घालून घेतले आणि डोळे मिटून बसले. मी पुस्तक उघडलं तर म्हणाले, "आज नको." पुढचे काही दिवस तसेच. नवऱ्याला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं तुला." माझ्या कामांच्या यादीत चौथ्या खंडापुढे मी काट मारली. आता दुसरा मार्ग शोधायला हवा होता, आणि दुसरा मार्ग मला सुचत नव्हता.

मग एका दुपारी बाबाच म्हणाले, "तो रुतलेला शिपाई निघाला काय वर?"

"निघाला."

"वाच मग."

चौथा खंड संपला. पाचवा सुरू केला आणि माझी अडचण झाली. पाचव्याच्या सुरुवातीलाच टोळीला एक म्हातारी भेटते आणि मंत्राने वाटाड्याला त्याची नजर परत देते. त्याची किंमतही कुणी मोजत नाही. चार खंड लेखकाने जो नियम पाळला तो इथे साफ मोडला होता. मला ते स्वतःसाठी वाचतानाही आवडलं नव्हतं. आता तर ते वाचणं म्हणजे डॉक्टर जे नाही म्हणाले तेच बाबांना सांगणं होतं. मी पानं उलटली आणि त्यापुढून वाचायला घेतलं.

"किती पानं गाळलीस?" बाबांनी विचारलं.

"कुठे?"

"आवाज आयला मना. एकदम उलटलीस. राजकन्येची सपनं गाळतेस ते ठीक हाय. आता कोण हाय त्यात?"

मी मागे आले आणि सगळं वाचलं. म्हातारी, मंत्र, वाटाड्या डोळे उघडतो, सगळे तारे जागच्या जागी. बाबा ऐकत राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, बघ, असंही होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"हा लिहिणारा भ्याला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"त्या म्हाताऱ्याला पुढं काय करायला लावायचं ते याला कळंना. पुढं ने म्हणावं तर सगळी मरतील. मागं रहा म्हणायला जीभ उचलंना. म्हणून दिले डोळे. सुटला."

"मग कुणी सांगायला हवं होतं त्याला?"

"कुणी कशाला? ज्याला दिसत न्हाय त्याला ठाऊक असतं. त्यानंच बोलायचं." जाळ्याची गाठ त्यांनी दातांनी तोडली. "पण ते पुस्तकात लिहायला सोपं न्हाय."

मी पुढचं पान उलटलं. त्या दिवशीची पानं वाचून संपवली आणि माल बांधायला गेले. नवऱ्यालाही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं अजून काही झालं नव्हतं.

पुस्तकातून धडा काढायचा असेल तर तो आपल्यासाठी काढावा, दुसऱ्याच्या हातात देऊ नये, असं मला आता वाटतं. दिला तर समोरचा तो परत करतो, आणि ते बरोबरच आहे. ज्या पानांवर मी खुणा केल्या ती लेखकाची चांगली पानं होती. बाबांना जे सापडलं ते त्याच्या सगळ्यात वाईट पानावर सापडलं. तिथे माझी पेन्सिल कधी टेकलीच नव्हती.

पौर्णिमा जवळ आली की खलाशी घरी येतात. बोट कधी निघणार हे तांडेलाला विचारतात, आणि तांडेल सांगतो तो शब्द अखेरचा. हे वाटेत विचारत नाहीत, फोनवर विचारत नाहीत. घरी येऊन, चहा घेऊन विचारतात. त्या वर्षीही चौघं आले. बाबा ओटीवर जाळं घेऊन बसलेले. नवरा अंगणात बोटीची एक फळी रंगवत होता. मी चहा आणला. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या खलाशाने कप खाली ठेवला.

"तांडेल, कवा निघायचा?"

बाबांनी मान वर केली नाही. "मना काय विचारता? त्याला विचारा."

खलाशाला कळलं नाही. "कोणाला?"

"अंगणात उभा हाय त्याला. यंदापासून सुकाणू त्याच्याकडे."

नवऱ्याच्या हातात ब्रश तसाच राहिला. निळा रंग त्याच्या पायावर ठिबकत होता. मी दारात ट्रे घेऊन उभी, आणि आत जावं की थांबावं हे मला कळेना.

"बाबा," तो म्हणाला.

"मना हाक मारू नको. त्यांनी विचारलंय, त्यांना सांग."

नवऱ्याने समुद्राकडे पाहिलं. वारा अजून तोंडावर येत होता. बाबा तांडेल असताना पौर्णिमेला नारळ दिला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला निघायचं, हे ठरलेलं. एकाही वर्षी त्यात बदल झाल्याचं मला आठवत नाही. नवरा म्हणाला, "पौर्णिमेनंतर दोन दिवस थांबू. वारा पडू दे."

चौघांनी एकदम बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाबांचा जबडा हलला, आणि मला वाटलं, आता हे दिलेलं परत घेणार.

"मना कशाला बगता?" ते म्हणाले. "तांडेल तो हाय."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला शेजारच्या बोटी निघाल्या. बाबा किनाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसले होते, मी शेजारी उभी. एका बोटीवरून कुणीतरी ओरडलं, "काय तांडेल! म्हातारपणी भ्यालाव काय दरियाला?"

"तांडेल घरी जेवतोय," बाबा ओरडले. "जाऊन त्याला विचार!"

ती बोट गेली. इंजिनाचा आवाज बेटांकडे वळेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. मग उठले आणि टोपली मला दिली.

"थेंबाची वेळ झाली काय गो?" त्यांनी विचारलं.

झाली होती. आम्ही घरी आलो.